मधली जागा कोणाची?

घरात नवी वस्तू आली की तिच्याबरोबर एखादा प्रश्नही आत येतो, आणि तो खोक्यावर छापलेला नसतो. मिक्सर आला तेव्हा पाट्या-वरवंट्याचे काय करायचे हा प्रश्न आला. दूरदर्शन आले तेव्हा देवघराकडे पाठ करून बसावे की काय, यावर आमच्याकडे आठ दिवस बोलणी चालली होती. त्या मानाने होम थिएटरचा रिसीव्हर म्हणजे मोठ्या डब्याएवढे एक मुके काळे यंत्र. ते काय विचारणार, असे मला वाटले होते. पण घरातल्या कोणालाही सहसा सुचू नये आणि सुचला तरी उघड विचारू नये, असा प्रश्न त्याने पहिल्याच दिवशी विचारला. या घरातली मुख्य जागा कोणती आणि तिच्यावर कोण बसते?

ज्यांच्याकडे हे यंत्र नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. चित्रपटाचा आवाज हल्ली एका ओघाने येत नाही, निरनिराळ्या धारांनी येतो. समोर डावीकडे एक, उजवीकडे एक, पडद्याच्या खाली मधोमध संवादांसाठी एक, पाठीमागे दोन्ही हातांना दोन आणि ढगांच्या गडगडाटासाठी एक जाडजूड वूफर. ‘पाच पॉइंट एक’ म्हणतात ते हेच. शेवटचा एक वूफरचा. तो नुसता खर्ज घेतो, म्हणून त्याला पुऱ्या आकड्याचा मान नाही. या धारा वेगळ्या करून ज्याची त्याला पोचती करायची, एवढे रिसीव्हरचे काम. आमच्या यंत्राच्या कपाळावर डॉल्बीचे नाव आहे. हे नाव आपल्याकडे मिरवणुकीतल्या कानठळ्या बसवणाऱ्या भिंतींना पडले आहे. वास्तविक रे डॉल्बी हा अभियंता 1965 साली लंडनमध्ये आपली प्रयोगशाळा काढण्यापूर्वी युनेस्कोचा सल्लागार म्हणून आपल्याच देशात होता, आणि त्याची पहिली कीर्ती आवाज वाढवण्याची नव्हे, ध्वनिफितीतली खरखर कमी करण्याची आहे. मिरवणुकीतल्या पोरांना हे कोणी सांगावे!

तारा ओढून झाल्यावर चिरंजीवांनी खोक्यातून एक लहानसा माइक काढला. बसणाऱ्याच्या कानाच्या उंचीवर तो ठेवायचा आणि घरात शांतता राखायची. मग प्रत्येक स्पीकर आळीपाळीने एक विचित्र सूर काढतो आणि यंत्र त्यावरून अंतर मोजते. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर धावतो. तेव्हा एखादा स्पीकर दुसऱ्यापेक्षा एक मीटर जवळ असला, तर त्याचा आवाज सेकंदाचा सुमारे तीन हजारांश भाग आधी पोचणार. यंत्र त्या जवळच्याला तेवढाच वेळ अडवून धरते. दूरचा आणि जवळचा एकाच क्षणी कानावर येतात.

मला हे फारच आवडले. पंगतीत शेवटच्या पानावर वरणभात पडेपर्यंत पहिल्याने घास उचलायचा नाही, हा आपला जुना नियम. तो एका यंत्राला ठाऊक असावा याचे कौतुक वाटले. पण त्याच वेळी लक्षात आले की इथे पंगत स्पीकरांची आहे, माणसांची नव्हे. माइक जिथे ठेवला त्या एका जागेपुरताच हा न्याय आहे. चार हात बाजूला सरकले की जवळचा पुन्हा पुढे घुसतो आणि दूरचा मागे राहतो.

आमचे घर त्र्यंबकच्या जुन्या गल्लीतले. बैठकीची खोली लांबट, तिला एका भिंतीशी सोफा. सोफ्याच्या मध्यावर बसायचे ते ‘ह्यांनी’, हे कोणी ठरवलेले नाही आणि कोणी मोडलेलेही नाही. सासूबाईंची खुर्ची दाराशी असते. सोफा बसका, त्यांचे गुडघे दुखरे. एकदा त्यात बसल्या की उठवायला दोघे लागतात. शिवाय दाराशी बसले म्हणजे गल्लीत कोण आले, कोण गेले, हेही कळते. त्यांचा डावा कान गेली काही वर्षे जवळजवळ बंद आहे. मागच्या बाजूचा एक स्पीकर नेमका त्यांच्या डोक्यावर आला. म्हणजे चित्रपट सुरू झाला की त्यांना मोटारी, पावसाची सर, गर्दीचा कालवा हे सगळे साग्रसंगीत ऐकू येणार आणि माणसे काय बोलतात ते तेवढे येणार नाही.

आता हे काही नवीन नव्हते. ‘काय म्हणाला गं तो?’ हा प्रश्न आमच्या घरी प्रत्येक चित्रपटात आहे, आणि त्याचे उत्तर द्यायला त्यांच्या शेजारी मी आहे. एक वाक्य सांगायचे म्हणजे पुढची दोन आपली चुकायची. विनोद सांगावा तर तो शिळा होतो. रडण्याचा प्रसंग सांगावा तर आपले डोळे कोरडे राहतात. घरोघरी असे एक माणूस असतेच. ते सगळे चित्रपट पाहते, पण एकही पुरता ऐकत नाही. त्या माणसाची जागा यंत्राच्या नकाशात कोठे येते, असे मी विचारले तेव्हा बापलेक दोघेही माझ्याकडे पाहत राहिले.

यावर तोडगा आहे, असे चिरंजीव म्हणाले. माइक एकाच ठिकाणी ठेवण्याऐवजी सहा-आठ ठिकाणी ठेवून मोजायचे. मग यंत्र सगळ्यांचा मिळून एक मध्य काढते. ऐकायला हे लोकशाहीसारखे वाटले. पण पुस्तिका नीट वाचली तेव्हा दिसले की सर्व जागांचा विचार होतो तो स्वरांच्या जाड-बारीकपणापुरता. कोणाला किती थांबवायचे, हा वेळेचा हिशेब पहिल्या जागेवरूनच ठरतो. मते सगळ्यांची घ्यायची आणि घड्याळ मात्र यजमानांचे लावायचे! अशा कितीतरी घरगुती सभा मी पाहिल्या आहेत.

मी शाळामास्तरीण. वर्गात पाऊल टाकले की आवाज लावायचा तो शेवटच्या बाकासाठी. पहिल्या बाकावरची मुले ऐकतातच. तुम्ही कुजबुजलात तरी ऐकतील. मागच्या भिंतीपाशी जो बसला आहे त्याला ऐकू गेले की वर्गाला ऐकू गेले. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेत कीर्तनकार बायकांच्या बाजूला गर्रकन वळून तेच चरण पुन्हा म्हणतो, तेही याच हिशेबाने. म्हणून माझे पहिले मत अगदी सरळ होते: माइक सासूबाईंच्या खुर्चीवर ठेवा. ज्याला सर्वांत कमी ऐकू येते त्याच्यापासून मोजायला लागा.

पण ‘ह्यांनी’ जे उत्तर दिले ते मला झटकून टाकता आले नाही. ते म्हणाले, ‘‘तू कादंबरी लिहितेस. वाचकाला कठीण जाते म्हणून कोणी तुझे निम्मे शब्द पुसून छापले तर चालेल का? ज्याने हा आवाज बसवला त्याने पाऊस पाठीमागे ठेवला तो काही कारणाने ठेवला. घरात निदान एक जागा अशी हवी की जिथे त्याचे काम जसेच्या तसे पोचते. नाहीतर मग कोणीच काही ऐकले नाही असे होईल.’’ यात स्वतःच्या जागेची ओढ होतीच, पण ती वजा केली तरी काहीतरी उरते. कारागिराशी इमान आणि घरच्या माणसाशी इमान या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एकाच माइकने त्या साधत नाहीत.

अशा वेळी मला दादासाहेब फाळके आठवतात, आणि त्र्यंबकमध्ये ते आठवणे साहजिकही आहे, कारण 30 एप्रिल 1870 रोजी त्यांचा जन्म इथलाच. येशूच्या जीवनावरचा चित्रपट पाहून त्यांना वेड लागले ते 1910-11 च्या सुमारास. त्यानंतर घरी फितींचे तुकडे आणून, मेणबत्ती आणि भिंग यांच्या साहाय्याने भिंतीवर चित्रे पाडीत ते रात्री घालवीत. इतक्या की डोळ्यांवर बेतले. आपल्याकडचे पहिले होम थिएटर म्हणायचे तर ते हेच. त्याला आवाज नव्हता आणि मधली जागाही नव्हती. पुढे विम्याच्या पॉलिसीवर पैसे उचलून ते 1912 मध्ये विलायतेस गेले आणि कॅमेरा घेऊन परतले. फितीला भोके पाडणे, ती धुणे, वर साऱ्या मंडळींचा स्वयंपाक, ही कामे सरस्वतीबाईंनी केली. 3 मे 1913 ला मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. त्या मूकपटांच्या काळी ज्याला अक्षर येई तो पडद्यावरच्या पाट्या शेजाऱ्यासाठी मोठ्याने वाची. म्हणजे ‘काय म्हणाला तो?’ हा प्रश्न बोलपटापेक्षा जुना आहे, आणि त्याचे उत्तर देणाराही. पडदा बोलू लागला आणि दादासाहेब मागे पडले. त्यांचा एकच बोलपट झाला, 1937 चा ‘गंगावतरण’; आणि गंगा उतरल्याची गोष्ट सांगणारा माणूस गोदावरीच्या उगमाशी जन्मलेला, हा योग मला नेहमी गमतीचा वाटतो.

बोलक्या पडद्याने ऐकू येणारे आणि न येणारे असे दोन वर्ग केले. सहा धारांच्या आवाजाने ऐकणाऱ्यांतही मधला आणि कडेचा असा भेद आणला. आपल्या देवळाच्या घंटेला असला भेद ठाऊक नाही. ती कुशावर्तावर ऐकू येते तशीच आमच्या स्वयंपाकघरातही येते. अर्थात घंटा काही सांगत नाही, नुसती बोलावते. तिचे सोपे आहे.

वूफरची गोष्ट निराळी. तो मात्र सर्वांना सारखा ऐकू येतो, आणि तीच त्याची अडचण. सेकंदाला 40 कंपनांच्या खर्जाची एक लाट आठ मीटरांहून लांब असते, म्हणजे आमच्या घराच्या रुंदीपेक्षा मोठी. तिला भिंतीचे काय! आमची आणि शेजाऱ्यांची भिंत एकच. त्यांच्याकडे पौरोहित्य आहे. यजमान पहाटे चारला उठतात आणि नऊला दिवा मालवतात. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांप्रमाणे वस्तीत दिवसा 55 आणि रात्री दहानंतर 45 डेसिबलची मर्यादा आहे. ती आम्ही पाळतोच, पण साडेनऊला भिंतीतून येणारा धक्का त्या आकड्यात बसतो म्हणून झोपेत जाणवत नाही, असे थोडेच आहे? मी काकूंना विचारले. ‘‘छे गं, काही नाही,’’ त्या म्हणाल्या. आता, तीस वर्षे वाटीभर साखरेची देवघेव ज्या घराशी आहे तिथून दुसरे काय उत्तर येणार? भिडेने दिलेली परवानगी ही परवानगी नव्हे. नऊनंतर वूफर बंद, हे मी कोणाला न विचारता ठरवले. त्यावर घरात नापसंती आहे. ती असू द्या.

मधल्या जागेचा निकाल मात्र माझ्या एकटीने लागण्यासारखा नव्हता. शेवटी यंत्रात दोन मांडण्या साठवता येतात असे निघाले. एक सोफ्याच्या मध्यावरून मोजलेली. दुसरी दाराजवळच्या खुर्चीवरून, सासूबाईंच्या उजव्या कानाच्या उंचीवर माइक धरून. दुसरीत संवादांचा स्पीकर चार डेसिबलने वर आणि डोक्यावरचा मागचा जवळजवळ मुका. रविवारी आणि सणावारी दुसरी, एरवी पहिली, असे ठरले. परीक्षेच्या दिवसांत दोन्ही बंद.

दुसऱ्या मांडणीवर पहिला चित्रपट पाहिला त्या रात्री बाहेर मुसळधार पाऊस होता. आमच्या त्र्यंबकचा पाऊस पत्र्यावर लागला की घरातले बोलणेही ऐकू येत नाही. तरी सासूबाई गुडघ्यावर हात ठेवून सरळ बसल्या होत्या. मी नेहमीच्या जागी, त्यांच्या पायाशी. नायिकेने काही म्हटले आणि सवयीने मी त्यांच्या कानाशी वाकले.

‘‘अगं, ऐकलं मी,’’ त्या म्हणाल्या. ‘‘बघू दे की मला.’’

मी परत सरळ बसले. पुढचा तासभर मला काहीच सांगायचे नव्हते, आणि हातपाय कोठे ठेवावेत ते कळेना. सोफ्यावर मध्यभागी बसलेल्या गृहस्थांना आवाज सगळा एका अंगाने येत होता. अर्ध्या तासाने ते उठले, पाट घेतला आणि आईच्या खुर्चीशेजारी माझ्या पलीकडे येऊन बसले. चित्रपट संपल्यावर म्हणाले, ‘‘बरा ऐकू येतो इथून. पण त्या माणसाने केला होता तो चित्रपट हा नव्हे.’’ यावर अजून माझ्यापाशी उत्तर नाही. येत्या रविवारी पुन्हा बोलणे निघेल.