पत्ता कोणाच्या नावावर?

कर्जत-खालापूर पट्ट्यात ईमेल म्हणजे बहुतेक वेळा जमीन. शेतकरी घरातल्या शिकलेल्या मुलाच्या मेलमध्ये काय साठलेलं असतं? सातबाऱ्याचे उतारे, फेरफार, मोजणीचा नकाशा, वारसनोंदीचा अर्ज, वकिलाची नोटीस, परगावी असलेल्या भावाने सही करून, स्कॅन करून पाठवलेलं संमतीपत्र. याला कारण आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग खालापुरातून गेला. २०१३ साली सिडकोच्या ‘नैना’ प्रकल्पात रायगडमधली गावं आली आणि त्यात खालापूरचीही होती. पनवेल-कर्जत रेल्वेमार्गासाठी जमिनी गेल्या. ‘नैना’च्या कितीतरी आधी नवी मुंबईला पाणी देणारं मोरबे धरण चौक गावाजवळ उभं राहिलं आणि त्यात ज्यांची शेतं गेली त्या माणसांनी मोबदल्यासाठी, पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षं कागद उराशी धरून ठेवले. शिवाय शनिवार-रविवारच्या घरासाठी जागा शोधणारे मुंबईकर आणि त्यांच्या पुढे-मागे फिरणारे एजंट. या तालुक्यांत जमिनीचा विषय निघाला नाही असा आठवडा जात नाही.

कागद इथे टिकतही नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पत्र्याच्या ट्रंकेत प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेल्या खरेदीखतालाही बुरशी धरते आणि घडीवर कागद फाटतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा माणसं गेली, घरं गेली आणि घरांत होते नव्हते ते कागदही मातीखाली गेले. ज्या घरात कोणी कागदांचे फोटो काढून स्वतःलाच मेल करून ठेवतो, त्याला हे सांगावं लागत नाही. मेल ही त्याची तिजोरी आहे. म्हणूनच एका ईमेल सेवेकडून दुसरीकडे जाणं हे संगणकवाल्या मुलावर सोपवून मोकळं होण्याचं काम नाही, असं मला वाटतं. हा दप्तर हलवण्याचा प्रकार आहे आणि दप्तर हलवताना काय सुटतं, काय बदलतं हे घरातल्या कर्त्या माणसाला कळायला हवं.

लोक सेवा बदलतात त्याची कारणं साधी असतात. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. मग हॉटमेल, रेडिफ, याहू असे पत्ते आले. १ एप्रिल २००४ रोजी जीमेल आलं ते एक जीबी जागा घेऊन. आता काही पुसायची गरज नाही, असं सांगत. लोकांनी खरोखरच काही पुसलं नाही. आज ती जागा १५ जीबी आहे, पण फोनमधले फोटो आणि ड्राइव्हवरच्या फायली त्यातच मोजल्या जातात. लग्नाचे व्हिडिओ भरले की नवीन मेल यायची थांबते. पाताळगंगा-खोपोलीच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांपैकी काही जण कंपनीच्याच मेलवर घरचे कागद मागवतात आणि नोकरी सुटली की ते खातं त्याच दिवशी बंद होतं. आणि २०२३ पासून गूगलचा नियम असा की दोन वर्षं हात न लावलेलं वैयक्तिक खातं काढून टाकता येतं. वडील वारले, त्यांच्या खात्याकडे कोणी फिरकलं नाही, तर जमिनीचा सगळा पत्रव्यवहार असा मुदतबाह्य होऊ शकतो.

आता प्रत्यक्ष हलवण्याकडे येऊ. कर्जतजवळच्या एका कुटुंबाचं दप्तर मोफत सेवेतून स्वतःच्या नावाच्या पत्त्यावर नेताना मी जवळून पाहिलं. चार भावांत सामायिक जमीन. थोरला गावात, बाकीचे डोंबिवली, पुणे आणि परदेशात. थोरल्याने फोल्डर फार विचाराने लावलेले होते. एकाचं नाव ‘७/१२’, दुसऱ्याचं ‘फेरफार’, तिसऱ्याचं ‘स.नं.४५’, चौथ्याचं ‘वारस’. हलवण्याचं काम आयमॅप नावाच्या पद्धतीने होतं. १९८६ च्या सुमारास मार्क क्रिस्पिन यांनी ती घडवली. जुनी पॉप पद्धत फक्त आवक पेटीतली पत्रं उतरवून घेते. आयमॅप फोल्डरांसकट नेते. तर फोल्डर गेले, पत्रंही गेली. नव्या ठिकाणी उघडून पाहिलं तर ‘७/१२’ नावाचा फोल्डर कुठेच नाही. ‘७’ नावाचा एक रिकामा फोल्डर आहे आणि त्याच्या पोटात ‘१२’ नावाचा दुसरा. सगळे उतारे त्यात.

असं का झालं? काही सेवांत तिरपी रेघ म्हणजे ‘याच्या आत’ अशी खूण असते. काही ठिकाणी हेच काम टिंब करतं. म्हणजे टिंबवाल्या यंत्रणेत ‘स.नं.४५’ पोचला की त्याचे तीन तुकडे होतात, नाहीतर हलवणारं साधन टिंबाच्या जागी खालची रेघ घालतं. आणखी एक गंमत नव्हे, अडचण: आयमॅपमध्ये देवनागरी नावं थेट न ठेवता रोमन अक्षरांत गुंडाळून ठेवतात. जुन्या साधनाने ती उलगडली नाहीत तर ‘शेती’ काय, ‘वारस’ काय, सगळी नावं ‘अँड’च्या चिन्हाने आणि लगेच ‘सी’ या अक्षराने सुरू होणारी निरर्थक माळ होऊन समोर येतात. देवनागरीचा संगणकी क्रमांकच असा आहे की पहिलं अक्षर दर वेळी ‘सी’ निघतं. ज्यांनी हे नियम ठरवले त्यांच्या डोळ्यांपुढे सातबारा नव्हता. यात त्यांचा वाईट हेतू नाही. पण महाराष्ट्रातल्या प्रत्येक शेतकऱ्याला पाठ असलेलं जमिनीचं नाव यंत्र सरळ दोन तुकड्यांत तोडतं, ही गोष्ट मला बारीकसारीक वाटत नाही. थोरल्या भावाला उतारा शोधायचा असतो तो घाईत, प्रांताच्या तारखेच्या आदल्या रात्री. त्या वेळी त्याने लावलेली रचना हीच त्याची आठवण असते. पत्रं पोचली आणि रचना मोडली तर दप्तर पोचलं असं मी म्हणणार नाही.

दुसरी बाब लेबलांची. जीमेलमध्ये फोल्डर नसतात, लेबलं असतात. एकाच पत्रावर ‘फेरफार’ आणि ‘वारस’ अशी दोन्ही लावता येतात. फोल्डरवाल्या ठिकाणी नेताना त्याच पत्राच्या दोन प्रती होतात आणि ‘सर्व मेल’ही सोबत ओढलं तर तिसरी. मग कोणी तरी जागा वाचवायला प्रती पुसू लागतो आणि नेमकी हवी ती जाते. मोठ्या फायलींचं वेगळंच. पंचवीस एमबीच्या वरचा नकाशा मेलला जोडला जात नाही; तो ड्राइव्हवर राहतो आणि पत्रात फक्त दुवा जातो. पत्र हललं, जुनं खातं बंद केलं, की नकाशा गेला. म्हणून हलवण्याआधी असे दुवे शोधून फायली हाताने उतरवून घ्याव्यात, हे मी प्रत्येकाला आवर्जून सांगतो.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते मात्र सोपा मार्ग धरल्याने. जुन्या खात्यातून नव्या खात्यात एकेक पत्र पुढे पाठवायचं, म्हणजे ‘फॉरवर्ड’ करायचं. दिसायला पत्र तेच. पण पाठवणारा आता तुम्ही, तारीख आजची, आणि मूळ पत्र कोणत्या सर्व्हरवरून कधी निघालं याची डोक्यावरची नोंद गेलेली. जमिनीच्या वादात तारखेइतकं मोल दुसऱ्या कशाला असतं? नोटीस मुदतीत मिळाली की मुदतीनंतर, संमती खरेदीच्या आधी दिली की नंतर, यावर दावा फिरतो. जालन्याच्या निवडणुकीवरून उभ्या राहिलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत कायद्याने सांगितलेलं प्रमाणपत्र आवश्यक आहे, हे पक्कं केलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही ते आहे. हे प्रमाणपत्र देताना मूळ पत्र जसंच्या तसं हाताशी असणं किती उपयोगाचं, ते वकिलाला विचारावं. आयमॅपने नेलेल्या पत्राच्या डोक्यावरची नोंद शाबूत राहते. यादीत कधी कधी हलवल्याच्या दिवसाची तारीख दिसते, पण पत्राच्या आत खरी तारीख असते. त्यामुळे घाबरून पुन्हा खटाटोप करू नये. आणि जुनं खातं लगेच बंद करू नये, निदान घरातला चालू दावा संपेपर्यंत तरी.

इथवरचं सगळं निगुतीने निभावता येतं. निभावत नाही ती एकच गोष्ट: पत्ता. दप्तर हलतं, पत्ता हलत नाही. बँकेत, महावितरणकडे, डिजिटल सहीच्या सातबाऱ्यासाठी उघडलेल्या महाभूमीच्या खात्यात, वकिलाकडे, तीन भावांच्या फोनमध्ये जुनाच पत्ता असतो. ओटीपी तिथेच जातो. म्हणजे सेवा सोडली तरी तिच्या दारात रोज जाऊन पत्र आलं का पाहायचं.

यावर उपाय आहे आणि तो सरकारने स्वतःसाठी केलेला आहे. केंद्र सरकारच्या सुमारे बारा लाख कर्मचाऱ्यांचे ईमेल अलीकडे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या यंत्रणेवरून झोहो या भारतीय कंपनीच्या यंत्रणेवर नेण्यात आले. एवढी मोठी हलवाहलव होऊनही नागरिकांना नवे पत्ते पाठ करावे लागले नाहीत, कारण ‘गव्ह डॉट इन’ आणि ‘एनआयसी डॉट इन’ ही नावं सरकारच्या मालकीची आहेत. मागची यंत्रणा कोणाचीही असो, पाटी सरकारची. उद्या झोहो नको वाटलं तरी पाटी तशीच राहील.

सामान्य माणसाला हीच सोय मोबाइलच्या नंबरात मिळालेली आहे. २० जानेवारी २०११ पासून देशभर कंपनी बदलून नंबर तोच ठेवता येतो. तेव्हाही हे तांत्रिकदृष्ट्या कठीण असल्याच्या तक्रारी होत्या. नियम झाल्यावर काम झालं. ईमेलचा पत्ता कंपनीच्या नावासकट असतो, त्यामुळे तो नंबरासारखा उचलून नेता येत नाही हे खरं. पण सोडून जाणाऱ्या ग्राहकाची पत्रं काही वर्षं नव्या पत्त्यावर वळवून देणं, आणि त्याचं दप्तर रचनेसकट त्याच्या हाती देणं, एवढं तर बंधनकारक करता येतं. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या मसुद्यात आपली माहिती एका सेवेकडून दुसरीकडे नेण्याचा हक्क लिहिलेला होता. २०१९ च्या विधेयकातही तो होता. २०२३ साली जो वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायदा झाला त्यात तो राहिला नाही. मला हे वगळणं चुकीचं वाटतं. माहिती पुसण्याचा हक्क दिला आणि घेऊन जाण्याचा दिला नाही, तर माणसापुढे उरतं काय? राहा, नाहीतर रिकाम्या हाताने जा.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर ज्या घरात जमिनीचं दप्तर मेलवर आहे त्याने स्वतःचं डोमेन, म्हणजे पत्त्यातलं ‘@’नंतरचं नाव, नोंदवून घ्यावं असं माझं ठाम मत आहे. ‘डॉट इन’चं नाव साधारणपणे वर्षाला हजार रुपयांच्या आत पडतं, ‘डॉट भारत’ हे देवनागरीतलं नावही २०१४ पासून मिळतं, पण देवनागरी पत्ता अजून सगळ्या फॉर्मांत चालत नाही, म्हणून जमिनीच्या कामाला रोमनच घ्यावं. स्वतःचं नाव घेण्यात एक जोखीम आहे आणि ती लपवू नये. हे नाव कायमचं आपलं होत नाही, दरवर्षी पैसे भरावे लागतात. भरायचं राहिलं आणि मुदत उलटली तर ते दुसरा कोणी घेऊ शकतो आणि आपली पत्रं त्याच्याकडे जाऊ लागतात. म्हणून नाव पाच-दहा वर्षांचं एकदम घ्यावं, आणि कोणाच्या नावावर आहे, पासवर्ड कुठे आहे हे एका भावाला नव्हे तर निदान दोघांना ठाऊक असावं. सामायिक जमिनीत हिस्से लिहून ठेवतो तसं हेही वहीत लिहावं.

आपण आपली बाजू सांभाळली तरी पत्रव्यवहाराचा अर्धा भाग समोरच्याकडे असतो, याचाही विचार व्हायला हवा. केंद्राने २०१५ च्या ईमेल धोरणात सरकारी कामासाठी खासगी सेवा वापरू नये असं सांगितलं, तरी राज्यात खालच्या पातळीवरच्या कित्येक कार्यालयांचे पत्ते वर्षानुवर्षं मोफत खासगी सेवांचेच राहिले. त्या पत्त्यांवर लोकांनी हरकती पाठवल्या, अर्ज पाठवले, स्मरणपत्रं पाठवली. बाबूची बदली झाली की पासवर्ड कोणाकडे, हे नव्या माणसाला विचारत बसावं लागतं. आता ही कार्यालयं सरकारी पत्त्यावर जाताहेत हे चांगलंच आहे. पण जाताना जुन्या खात्यातली पत्रं फोल्डरांसकट नव्या खात्यात नेली का, जुना पत्ता किती दिवस चालू राहणार, त्यावर आलेल्या हरकतीची पोच कोण देणार, हे प्रत्येक तहसील आणि भूमी अभिलेख कार्यालयाने दारावर लिहून लावलं पाहिजे. ज्या शेतकऱ्याने मुदतीच्या शेवटच्या दिवशी जुन्या पत्त्यावर हरकत पाठवली असेल, त्याच्याकडे ‘पाठवलं’ या फोल्डरातली एकच प्रत आहे. दुसरी प्रत सांभाळणं हे कार्यालयाचं काम आहे.