हुशार आणि शहाणा

दौलताबादच्या किल्ल्यावरील ‘अंधारी’ चढतांना वाटाड्या म्हणाला, “साहेब, डोकें सांभाळा.” त्याच्या मनांत छताचा दगड होता, माझ्या मनांत महंमद तुघलक आला. तर्कशास्त्र, तत्त्वज्ञान, फारसी काव्य यांत पारंगत अशा ह्या सुलतानानें १३२७ मध्यें दिल्लीची राजधानी येथें आणली, आणि कांहीं वर्षांतच परत नेली. दक्षिणेवर नजर ठेवण्यास मध्यवर्ती ठिकाण हवें, हा विचार कांहीं निर्बुद्धाचा नव्हे. तरी मराठींत तो ‘वेडा महंमद’च राहिला.

इंग्रजींत ‘ब्रेन्स’ म्हटलें कीं भागतें. आमची भाषा मात्र बुद्धि, हुशारी, अक्कल, शहाणपण यांस एकमेकांच्या जागीं बसूं देत नाहीं. (अक्कल आणि हुशारी हे शब्द फारसीच्याच वाटेनें आले, ही एक मौज!) बुद्धीस नकाशावरील अंतर कळतें, चालणाऱ्याचे पाय कुठें थकतील हें कळावयास शहाणपण लागतें. त्याचा अतिरेक झालेल्यास तर आम्हीं ‘दीडशहाणा’ असा हिशेबी शब्दच करून ठेवला आहे.

तीस वर्षें मीं उत्तरपत्रिकांस गुण दिले, ते हुशारीचे. ‘तुमचा मुलगा शहाणा आहे’ असें कोणा बापास कधीं सांगितलें, हें आठवूं लागलों, तोंच कपाळ दगडावर आदळलें.