माणशी की उंबऱ्यामागे?

आई दिवसभर एका बाकावर बसून होती. तिच्याभोवती आमच्या सात बॅगा, तीन जोड चपला, धाकट्याचा ओला टॉवेल आणि कुणाकुणाचे मोबाइल. मे महिना होता, घरची नऊ माणसं थीम पार्कला गेलो होतो. कुठल्या, ते सांगण्यात अर्थ नाही. रीत सगळीकडे एकच. दारातच धपाटे आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा अडवला गेला, तो दिवसभर गाडीत तापत राहिला. संध्याकाळी परत निघाल्यावर आईनं विचारलं, "माझं तिकीट कितीचं हुतं रं?" मी सवलत वजा करून आकडा सांगितला, तरी तो चार आकडीच होता. ती थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "नुसतं बसायचंच हुतं, तर आपल्या पारावर जागा कमी हाय व्हय?"

आमच्या लोणी भापकरचा पार फुकट आहे. गावातलं मल्लिकार्जुनाचं देऊळही फुकट, त्याच्यापुढची दगडी पुष्करणीही फुकट, आणि जो बघायला लांबून मूर्तिशास्त्राचे अभ्यासक येतात तो यज्ञवराहही फुकट. गाव बारामती तालुक्यातलं खरं, पण बाहेरच्यांच्या डोळ्यांपुढे बारामती म्हटल्यावर जो ऊस येतो, तो नीरेच्या कालव्याखालचा. आमचा जिरायती पट्टा. ज्वारी, बाजरी, दावणीची जनावरं. हातात पैसा येतो तो दुधाचा, दहा-दहा दिवसांनी. अशा ठिकाणच्या माणसानं थीम पार्कच्या अर्थशास्त्रावर लिहावं का, असा प्रश्न कुणाला पडेल. पण आईच्या त्या प्रश्नानं माझी पाठ सोडली नाही.

पार्कवाल्यांचा जगभरचा घोर एकच असतो. लोक कमी का येतात, एकदा आलेले पुन्हा का येत नाहीत, आणि याला तिकिटाचा दर जबाबदार आहे का? हिशेब सोपा वाटतो. महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये होती. पाच माणसांचं घर, तिकीट माणशी दीड हजार धरलं, तर साडेसात हजार झाले. म्हणजे चोवीस दिवसांची मजुरी, तीही गाडीभाडं आणि आतलं खाणंपिणं सोडून. महाग आहे, लोक येत नाहीत, विषय संपला.

पण त्याच घराचा गावच्या यात्रेचा खर्च मांडून बघा. वर्गणीची पट्टी आली. माहेरी आलेल्या लेकींना साड्या आल्या, पोरांना कपडे आले, वाण्याची उधारी आली. पाहुणे तर सांगून येतच नाहीत. पुरणपोळी होते, दुसऱ्या दिवशी मटण होतं. हे साडेसात हजारांत बसत नाही. हौसेच्या घरात त्याच्या दुप्पट जातात आणि पुढचे दोन-तीन दुधाचे पगार त्यात वळते होतात. तरीही यात्रा महाग झाली म्हणून गर्दी घटली, असं मी आजवर ऐकलेलं नाही. पार्कच्या तिकिटावर हळहळणारा माझा भाऊ यात्रेच्या खर्चावर कधी हळहळत नाही. उलट कमी खर्च झाला तर त्याला चुकल्यासारखं होतं.

म्हणजे गोष्ट नुसत्या रकमेची नाही. मला वाटतं, ती मोजमापाची आहे. पार्कच्या फाटकात डोकी मोजतात. यात्रेची पट्टी उंबऱ्यामागे असते. घरात दोन माणसं असोत की अकरा, उंबरा एक. भावाभावांच्या चुली वेगळ्या झाल्या की पट्ट्या दोन होतात, आणि त्यावरून दरवर्षी एखादं भांडण ठरलेलं. एकट्या म्हातारीच्या दारासमोरून पट्टीवाली पोरं आवाज न देताच पुढे जातात. एकदा पट्टी दिली की घरातलं प्रत्येक माणूस यात्रेचं मालक होतं. छबिना त्याचा, कुस्त्यांचा आखाडा त्याचा, तमाशाची सुपारीही त्याचीच. वरच्या चैनीला मात्र रोख पैसे, तेही ज्याला हवं त्यानं. आकाशपाळणा, ब्रेकडान्स, मौत का कुआँ आणि हवा भरलेली ती रबरी घसरगुंडी, जिला आमच्याकडची पोरं 'मिकीमाउस' म्हणतात आणि जिच्यातून डिस्नेला छदामही मिळत नाही. आजीला मिकीमाउसवर बसायचं नसतं, म्हणून तिचं तिकीटही नसतं. ती देवाला नारळ फोडते, बांगड्या भरते, गोडी शेव घेते, आणि वर्षभरात न भेटलेल्या चुलतजावेशी तासभर बोलते. तिचा दिवस वाया जात नाही.

गंमत म्हणजे डिस्नेलँडसुद्धा जन्माला आलं ते असंच. १७ जुलै १९५५ ला कॅलिफोर्नियात ते उघडलं, तेव्हा फाटकावर एक डॉलर आणि आत पाळण्यागणिक वेगळं तिकीट. पुढे या तिकिटांची पुस्तकं निघाली, साध्या पाळण्याचं वेगळं आणि झोकदार पाळण्याचं वेगळं. १९८२ मध्ये ही पुस्तकं बंद झाली आणि फाटकावर एकदाच पैसे घेऊन आत सगळं मोकळं, ही पद्धत पक्की झाली. आज जग तिलाच थीम पार्क समजतं.

याचं गणित त्याआधीच एका अर्थशास्त्रज्ञानं मांडून ठेवलं होतं. १९७१ साली वॉल्टर ओय यांनी डिस्नेलँडच्या कोड्यावर एक निबंध लिहिला, त्याच्या शीर्षकातच 'मिकीमाउस मक्तेदारी' असे शब्द आहेत. कोडं असं, की मालकानं पैसे दारात घ्यावेत की पाळण्यावर? ढोबळ उत्तर असं, की पाळण्याचं भाडं फिरवायच्या खर्चाइतकंच ठेवावं, आणि माणसाला दिवसभरात जेवढी मजा वाटणार आहे तिची किंमत दारातच वसूल करावी. एकदा आत आलेला माणूस दहा वेळा बसला काय आणि वीस वेळा बसला काय, पाळणा फिरायचाच असतो. पण हे सरळ जमतं ते सगळी गिऱ्हाइकं एकसारखी असतील तर. माणसागणिक ओढ कमी-जास्त असली, तर चढं दार कमी ओढीच्या माणसाला बाहेर ठेवतं, हेही त्याच निबंधात आहे.

आमच्याकडे तो कमी ओढीचा माणूस एकटा बाहेर राहत नाही, ही खरी अडचण आहे. आमच्या नऊ जणांत तीन पोरं पाळण्यासाठी जीव टाकणारी होती. दोघांना चक्कर येते. एकीला कडेवरचं मूल. आणि आई. अर्थशास्त्राच्या पुस्तकात ही नऊ गिऱ्हाइकं आहेत, घरात तो एकच बेत आहे. तो ठरतो सगळ्यांत उत्साही माणसावर, पण मोडतो सगळ्यांत कमी उत्साही माणसावर. पुढच्या वर्षी पोरांनी पुन्हा विषय काढला, तेव्हा आई एवढंच म्हणाली, "बघून झालंय की." बेत तिथंच बारगळला. भाषेतला हा फरक मला फार बोलका वाटतो. पार्क 'बघून' होतं. यात्रा 'बघून झाली' असं कुणी म्हणत नाही. यात्रा भरते, यात्रा करायची असते, यात्रेला जावं लागतं.

महाराष्ट्रात या गणिताची सगळ्यांत मोठी परीक्षा झाली ती खोपोलीजवळ. एप्रिल २०१३ मध्ये तिथं इमॅजिका हे थीम पार्क उघडलं. मागे मनमोहन शेट्टी, ॲडलॅब्सच्या फिल्म धुण्याच्या धंद्यातून वर आलेले. खर्च सुमारे १६०० कोटींचा. पायाखाली फळी नसलेला नायट्रो, मिस्टर इंडियाचा खेळ, झपाटलेलं सलीमगढ. नर्मदेच्या खोऱ्यात ज्याचे अवशेष सापडले त्या राजासॉरस डायनासोरलाही त्यांनी पाण्यातून फिरायला लावलं. हौसेनं आणि जागतिक तोडीचं केलेलं काम होतं, त्याला नावं ठेवायला जागा नाही. पण काम कर्जावर उभं होतं. २०१५ मध्ये कंपनीनं समभाग विकायला काढले, तेव्हा २२१ ते २३० रुपयांचा किंमतपट्टा विक्री चालू असतानाच खाली आणावा लागला, आणि अखेर १८० रुपयांना समभाग गेले. २०१७ च्या जुलैत जीएसटी आला आणि त्यानं करमणुकीच्या पार्कांना २८ टक्क्यांच्या खणात टाकलं. जानेवारी २०१८ मध्ये तो १८ वर आला. मग कोरोना. २०२२ मध्ये बँकांनी मोठ्या रकमेवर पाणी सोडलं आणि पार्क संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेलं. हेच ते गाय छाप जर्दावाले. खिशात मावणारी पुडी गावोगाव विकून ज्या घराण्यानं साम्राज्य उभं केलं, त्याच्याच हाती राज्यातलं सगळ्यांत उंच फाटक यावं, यात मला तरी काव्यात्म न्याय दिसतो.

इथं तिकीट महाग होतं म्हणून पार्क अडचणीत आलं, की पार्क कर्जात होतं म्हणून तिकीट महाग ठेवावं लागलं? मला दुसरं जास्त पटतं. व्याज रोज चढतं, मग पाऊस असो की परीक्षा. खोपोलीला पावसाळा चार महिने धो-धो. सोमवार ते शुक्रवार पोरं शाळेत. म्हणजे वर्षाचं व्याज मोजक्या शनिवार-रविवारांनी फेडायचं, आणि नेमकी त्याच दिवशी पाळण्यापुढे तास-तासाची रांग. दक्षिणेतल्या वंडरलानं २००० साली कोचीत 'वीगालँड' नावानं सुरुवात केली, बरेचसे पाळणे स्वतःच्याच कारखान्यात बनवले आणि कर्ज आटोक्यात ठेवलं. ते टिकलं, वाढलं. पाळणा कुठून आणला, हा प्रश्न गिऱ्हाईक कधी विचारत नाही, पण त्याच्या तिकिटात तो असतोच.

दराचा काहीच संबंध नाही, असं मात्र म्हणता येणार नाही. पॅरिसजवळ एप्रिल १९९२ मध्ये युरो डिस्ने उघडलं आणि पहिली काही वर्षं तोट्यात गेलं. फ्रेंच माणसाला जेवणाबरोबर वाइन लागते, ती पार्कात बंद होती. ही बंदी १९९३ मध्ये उठली. (आमच्या धपाट्यांची आठवण मला इथं हटकून होते.) १९९५ मध्ये तिकीट साधारण पाचव्या हिश्शानं उतरवलं, गर्दी वाढली आणि पहिल्यांदा नफा दिसला. त्याच वर्षी नवा मोठा पाळणाही आला होता आणि आधीच्या वर्षी कर्जाची फेररचना झाली होती, म्हणून सगळं श्रेय दराला देणं हे अर्धं सत्य ठरेल. आपल्याकडे १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, आणि मोरगाव-जेजुरीच्या गाड्या बायकांनी भरून गेल्या. तिथं नुसता दर उतरला नाही. नवऱ्याकडे पैसे मागायची गरज उतरली. अमेरिकेत उलटा खेळ चालू आहे. २०२४ मध्ये डिस्नेलँडच्या सगळ्यांत गर्दीच्या दिवसाचं तिकीट २०० डॉलरच्या वर गेलं. माणसं थोडी कमी आली तरी चालतील, आलेल्यानं जास्त खर्च करावा, असा तो सौदा आहे. १९९९ साली सुरू झालेली, रांग चुकवायची फुकट सोय त्यांनी २०२१ मध्ये पैशाला लावली. त्र्यंबकेश्वरला दोनशे रुपयांत लवकर दर्शन होतं, त्यामुळे यात आपण फार नाक मुरडू नये. तरी मला वाटतं, महाग तिकीट माणूस एकवेळ विसरतो. आपल्या पोराला उन्हात रांगेत धरून उभं असताना शेजारून पास दाखवून पुढे गेलेलं पोर तो विसरत नाही.

हे सगळं मी मोठ्या तोऱ्यात घरी सांगत होतो, तेव्हा कॉलेजात शिकणारी भाची मध्येच म्हणाली, "मामा, यात्रेत रात्री पाळण्यापाशी मला उभं राहता येतं का?" मी गप्प. "पार्कात मी दिवसभर भिजलेल्या कपड्यांत फिरले, कुणी वळून बघितलं नाही. स्वच्छ बाथरूम होती. तिकीट महाग आहे म्हणूनच तिथं बरं वाटतं." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. उंबऱ्यामागे मोजणाऱ्या गावात उंबऱ्याच्या आतल्या पोरीला किती मोकळीक असते, हे मी हिशेबात धरलंच नव्हतं. यात्रेतल्या पाळण्याचा नटबोल्ट कुणी तपासला, हेही आम्ही कधी विचारत नाही.

मग हिवाळ्यात आम्ही सगळे इंदापूर तालुक्यात कुंभारगावला गेलो, उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी बघायला. होडी ठरवायची ती अख्खी. नावाड्यानं डोकी मोजली ती तोल सांभाळण्यापुरती. आई पुढे बसली, भाची तिच्या शेजारी. मधे पाण्यात नावाड्यानं इंजिन बंद केलं, तेव्हा आईनं डबा उघडून पहिलं धपाटं त्याच्या हातावर ठेवलं.

या वर्षी यात्रेआधी कमिटीतल्या एका पोराचा फोन आला. आई धाकट्या भावाकडे वस्तीवर असते, त्यांची पट्टी झाली होती. मी पुण्यात, आणि गावठाणातल्या आमच्या जुन्या घराला कुलूप आहे. मी म्हटलं, "अरे, तिथं कोणी राहतच नाही."

"काका, कुलूप हाय, पण उंबरा हाय ना?"

मी मोबाइलवरून पैसे पाठवले. दहा मिनिटांनी पावतीचा फोटो आला. नाव वडिलांचं होतं. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली.