उडदाच्या मुळाशी

वरणगाव-भुसावळच्या काळ्या जमिनीत कपाशीच्या ओळींमध्ये उडीद-मूग घ्यायची रीत जुनी आहे. उडदाचा बेवड चांगला, हे इथल्या शेतकऱ्याला कुणी पुस्तकातून शिकवलेलं नाही. पण पीक घेतल्यावर जमीन दमण्याऐवजी सुधारते कशी, या प्रश्नाने युरोपातल्या विद्वानांना जवळजवळ पन्नास वर्षं झुलवलं.

1838 मध्ये बुसँगो या फ्रेंच शास्त्रज्ञाला दिसलं की क्लोव्हर आणि वाटाण्यात नत्राची भर पडते, गव्हात पडत नाही. पुढे त्यानेच प्रयोग अधिक काटेकोर केले. माती भाजून घेतली, रोपं बंद काचपात्रात वाढवली, आणि भर नाहीशी झाली. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रातही तेच घडलं. झाडं हवेतला नत्र घेत नाहीत, असा निकाल लागला. या इतिहासात मला हाच टप्पा सर्वांत मोलाचा वाटतो. प्रयोगात हयगय नव्हती. एकटं पाडलेलं झाड काय करतं, याचं उत्तर त्यांनी अचूक दिलं. मातीबरोबर झाडाचा सोबतीही भाजला गेला, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. झाडाला सोबती असतो ही कल्पनाच तेव्हा नव्हती.

ती आली दगडफुलातून. आपल्या काळ्या मसाल्यात पडतं तेच. ही एक वनस्पती नसून बुरशी आणि शेवाळ यांचा एकत्र संसार आहे, असं श्वेंडेनर हा वनस्पतिशास्त्रज्ञ 1860 च्या दशकात म्हणाला आणि त्याला कडाडून विरोध झाला. 1879 मध्ये डी बारी या शास्त्रज्ञाने भिन्न जिवांच्या अशा एकत्र राहण्याला सहजीवन म्हटलं. त्यात त्याने परजीवीही धरले होते.

मग 1886 मध्ये हेलरीगेल या शास्त्रज्ञाने भाजलेल्या वाळूत उपाशी पडलेल्या वाटाण्याला शेतातल्या मातीचं पाणी घातलं. मुळांवर गाठी धरल्या, रोपं तरारली. ओटला त्याचा काही उपयोग झाला नाही. दोनच वर्षांत बायजेरिंक या शास्त्रज्ञाने गाठीतले जिवाणू वेगळे काढले.

फुलोऱ्यातला उडीद हलक्या हाताने उपटावा, माती धुवावी आणि एक गाठ नखाने फोडावी. आत गुलाबी दिसतं. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातलं प्रथिन तिथे प्राणवायू बेताने पुरवतं, कारण नत्र बांधणारं विकर मोकळ्या प्राणवायूत बिघडतं. झाड साखर देतं, जिवाणू नत्र देतात.

हा व्यवहार भाबडा मात्र नाही. नत्र न देणाऱ्या गाठींचा प्राणवायू सोयाबीन कमी करतं, असं 2003 मधल्या प्रयोगांतून पुढे आलं. नत्र जमिनीतच मुबलक मिळाला तर झाड गाठीच कमी धरतं. गुळाच्या पाण्यात कालवलेलं जिवाणू संवर्धन बियाण्याला चोळायचं, सावलीत सुकवून पेरायचं आणि वर युरियाचा मोठा हप्ता टाकायचा, यात केलेली मेहनत वाया जाते. कडधान्याला हेक्टरी 20 किलोच्या आसपासच नत्र सांगतात, तो गाठी काम करू लागेपर्यंत रोप तगावं एवढ्यापुरता.