गुप्त विद्या आणि कोवळें वय

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचें ‘विद्याहरण’ हें नाटक १९१३ सालीं रंगभूमीवर आलें. तेव्हांपासून कच म्हटला कीं मराठी माणसाला प्रथम देवयानी आठवते, आणि तिच्या पाठोपाठ शुक्राचार्यांचें मद्यपान. महाभारताच्या आदिपर्वांत मात्र कच हा सर्वांच्या आधीं एक विद्यार्थी आहे. मेलेल्यांस उठविणारी संजीवनी विद्या शत्रूच्या गुरूपाशीं आहे, ती आपल्या पक्षाला हवी आहे, आणि ती मिळविण्यासाठीं देवांनीं कोणी जाणता सेनापति न पाठवितां बृहस्पतीचा तरुण मुलगा पाठविला. हुशार, सुशील, गाण्यानाचण्यांत निपुण असा मुलगा. त्यानें जें केलें त्याला चोरी म्हणावें काय, हा प्रश्न आम्हांस लहानपणीं पडला नाहीं, कारण तो देवांच्या बाजूचा होता. जी विद्या आपल्याकडे येते ती ‘आणलेली’ आणि जी दुसऱ्याकडे जाते ती ‘चोरलेली’, हा भाषेचा पक्षपात आपण मोठेपणींही फारसा तपासून पाहत नाहीं.

एका अमेरिकन विद्यार्थ्याची हकीकत वाचतांना हा जुना प्रश्न आमच्यापुढें नव्यानें उभा राहिला. थिओडोर हॉल हा १९२५ च्या ऑक्टोबरांत न्यूयॉर्क येथें, फरचा धंदा करणाऱ्या एका ज्यू गृहस्थाच्या घरीं जन्मला. घराण्याचें मूळ आडनांव होल्ट्सबर्ग. ज्यू नांव नोकरीच्या आड येतें म्हणून दोघा भावांनीं तें बदलून घेतलें. धाकट्याची बुद्धि इतकी तीव्र कीं सोळाव्या वर्षीं तो हार्वर्ड विद्यापीठाच्या वरच्या वर्गांत दाखल झाला. अशा मुलाच्या आईबापांस काय वाटत असेल हें आमच्या वाचकांस समजावून सांगावयास नको. आपल्याकडे मॅट्रिकला वरचा नंबर आला तरी पेढे गल्लीच्या टोंकापर्यंत जात असत.

१९४३ सालच्या अखेरीस सरकारचा माणूस हार्वर्डला आला. युद्धाचें कांहीं महत्त्वाचें काम आहे, हुशार पदार्थविज्ञानी हवे आहेत, कामाचें स्वरूप सांगतां येणार नाहीं, एवढेंच त्यानें सांगितलें. १९४४ च्या जानेवारींत हॉल न्यू मेक्सिकोंतील लॉस अलामॉस येथें जाऊन पोंचला. त्या वेळीं त्याला अठरा वर्षें पुरीं होऊन तीन महिने झाले होते. त्याच सुमारास त्याच हार्वर्डमधून त्याच वयाचा रॉय ग्लॉबर हा दुसरा विद्यार्थीही तेथें आला. ग्लॉबरनें आपलें काम केलें, गुपित राखलें, आणि २००५ सालीं प्रकाशविषयक संशोधनाबद्दल नोबेल पारितोषिक मिळविलें. तेव्हां त्या वयाला त्या स्थानीं दुसरा मार्ग नव्हताच असें कोणास म्हणतां येणार नाहीं.

हॉलला काम मिळालें तें ब्रूनो रॉसी ह्या इटालियन शास्त्रज्ञाच्या हाताखालीं. प्लुटोनियमच्या गोळ्याभोंवतीं स्फोटकें रचून तीं एकाच क्षणीं उडवावयाचीं, म्हणजे चहूंकडून सारखा दाब येऊन गोळा आंतल्या आंत चेपला जातो आणि अणुस्फोट होतो, अशी ती योजना होती. दाब एका बाजूस किंचित् कमी पडला तर सारें फुकट. म्हणून प्रयोगासाठीं दुसऱ्या धातूचा गोळा घेऊन त्याच्या मध्यभागीं किरणोत्सर्गी लँथॅनम ठेवीत व बाहेर पडणारे किरण मोजून चेपणें कितपत सारखें झालें हें ताडीत. ९ ऑगस्ट १९४५ रोजीं नागासाकीवर पडलेला बाँब ह्याच पद्धतीचा होता, व त्या वर्षाच्या अखेरपर्यंत तेथें सुमारें ७० हजार माणसें मेलीं असा अंदाज आहे. ज्या मुलाला आपल्या देशाच्या निवडणुकींत मत देण्याचा हक्क अद्याप मिळाला नव्हता त्याच्या हातीं हें रहस्य दिलेलें होतें.

येथें द्रोणाचार्यांची आठवण होते. त्यांनीं ब्रह्मशिर अस्त्र प्रथम अर्जुनाला दिलें. मुलगा अश्वत्थामा हट्ट धरून बसला म्हणून त्यालाही दिलें, पण नाखुषीनें दिलें, आणि माणसांवर तें सोडूं नकोस अशी ताकीद देऊन दिलें. त्याचा चंचल स्वभाव बापाला ठाऊक होता. पुढें काय झालें तें सर्वांस माहीत आहे. अस्त्र सोडतां आलें, आवरतां आलें नाहीं. पण निदान त्या बापानें मुलाकडे एकदां निरखून पाहिलें होतें. लॉस अलामॉसला मुलें नेणाऱ्यांनीं गणित पाहिलें, आणि इतर गोष्टी पाहावयास त्यांना वेळ नव्हता. युद्ध चालू होतें हें खरें. जर्मनी आधीं बाँब करील ही भीतिही खोटी नव्हती. तथापि बुद्धीचें वय आणि विवेकाचें वय हीं दोन्हीं एकाच दाखल्यावर लिहिलेलीं असतात, ही समजूत युद्धाच्या आधींची आहे, आणि ती आपल्या घराघरांतही आहे.

१९४४ च्या ऑक्टोबरांत हॉल रजेवर न्यूयॉर्कला आला. एकोणिसावा वाढदिवस त्याच सुमाराचा. अमेरिकेच्या एकटीच्या हातीं हें अस्त्र राहिलें तर युद्धानंतर जगाचें काय होईल, ह्या विचारानें त्याला घेरलें होतें. हार्वर्डमधील त्याच्या खोलींतला सोबती सॅव्हिल सॅक्स हा साम्यवादाकडे झुकलेला होता. दोघांनीं मिळून सोव्हिएट माणसांचीं दारें ठोठावलीं. आमिष नाहीं, धमकी नाहीं, पैशाचा लोभ नाहीं. मुलगा आपण होऊन गेला. १२ नोव्हेंबर १९४४ रोजीं न्यूयॉर्कहून मॉस्कोला जी सांकेतिक तार गेली तींत त्याचें खरें नांव, वय आणि बापाचा धंदा हें सर्व लिहिलेलें आहे. पुढें दोघांना टोपणनांवें मिळालीं. हॉलचें ‘म्लाद’, म्हणजे लहान. सॅक्सचें ‘स्तार’, म्हणजे म्हातारा. भेटीच्या तारखा ठरविण्यासाठीं हे दोघे वॉल्ट व्हिटमनच्या ‘लीव्ह्ज ऑफ ग्रास’ ह्या काव्यसंग्रहाचा उपयोग करीत. कवितेच्या पुस्तकाचा असा उपयोग कॉलेजांतल्या पोरांनाच सुचावा!

आतां प्रश्न असा कीं, ह्या कृत्याचें मोल काय ठरवावें? त्याचे कैवारी म्हणतात कीं दोन्हीं पक्षांकडे अस्त्र झालें म्हणून तें पुन्हां वापरलें गेलें नाहीं. विरोधक म्हणतात कीं स्टॅलिनसारख्याच्या हातीं त्यानें ब्रह्मास्त्र दिलें. दोघेही फळावरून झाडाची परीक्षा करीत आहेत, आणि येथें ती परीक्षा चालत नाहीं असें आमचें मत आहे. २९ ऑगस्ट १९४९ रोजीं सोव्हिएट रशियानें पहिला अणुस्फोट केला तो नागासाकीच्या बाँबच्या नकलेचा होता खरा. पण त्याच टेकडीवरून क्लाउस फुक्स हा हॉलहून पुष्कळ अनुभवी शास्त्रज्ञ तीच माहिती स्वतंत्रपणें पाठवीत होता. हॉलला फुक्स ठाऊक नव्हता. हॉलच्या कागदांनीं फुक्सच्या कागदांना दुजोरा मिळाला असेल. पण हॉल गप्प राहता तरी इतिहासाची दिशा फारशी बदलली असती असें दिसत नाहीं. म्हणजे शांततेचें श्रेयही त्याच्या पदरांत पडत नाहीं आणि संहाराचा दोषही. फळ असें दोन्हीं हातांतून गळून गेल्यावर उरतें तें केवळ कर्म, आणि तें करणाऱ्याचें मन.

त्या मनांतला विचार वेडगळ नव्हता. नील्स बोर ह्या थोर डॅनिश शास्त्रज्ञाच्या मनांतही त्याच जातीची चिंता होती. त्यानें १९४४ च्या मे महिन्यांत चर्चिलची व ऑगस्टांत रूझवेल्टची भेट घेतली, आणि रशियाला आधींच विश्वासांत घ्या, नाहींतर पुढें भयंकर चढाओढ लागेल, असें परोपरीनें सांगितलें. सप्टेंबरांत ह्या दोघा पुढाऱ्यांनीं तें नाकारलें, इतकेंच नव्हे तर बोरवर नजर ठेवावी असें टिपून ठेवलें. जोसेफ रॉटब्लॅट ह्या पोलिश शास्त्रज्ञाचा मार्ग आणखी वेगळा. जर्मनीपाशीं बाँब होण्याचा संभव नाहीं हें कळतांच १९४४ च्या अखेरीस त्यानें ती टेकडी सोडली. गुपित कोणास सांगितलें नाहीं, पण पुढलें सारें आयुष्य अण्वस्त्रांविरुद्ध वेंचलें. एकाच वर्षीं, एकाच चिंतेनें तीन माणसें अस्वस्थ झालीं. एकानें परवानगी मागितली, एक निघून गेला, एकानें परस्पर देऊन टाकलें. पहिल्याचें वय अठ्ठावन्न, दुसऱ्याचें छत्तीस आणि तिसऱ्याचें एकोणीस.

हॉलचा दोष आम्ही येथें पाहतों. कोट्यवधि माणसांच्या भवितव्याचा निर्णय त्यानें एकट्यानें, कोणाकडूनही खोडून न घेतां, केला. रशियांतील तुरुंग, तेथील छळछावण्या, तेथें नाहींसे झालेले लाखों लोक ह्यांची त्याला नीटशी कल्पना नव्हती, आणि ती करून घेण्याची त्यानें खटपटही केली नाहीं. अज्ञान क्षम्य असतें. पण ज्या प्रमाणांत कृत्य मोठें त्या प्रमाणांत अज्ञान दूर करण्याची जबाबदारीही मोठी. परंतु हें लिहीत असतां आमची लेखणी थोडी अडते. खोडून घ्यावयाचें कोणाकडून? गुप्ततेची शपथ अशी कीं बापाशीं बोलावयाचें नाहीं, आईशीं बोलावयाचें नाहीं, जुन्या प्राध्यापकाला पत्र लिहावयाचें तर तें पत्र तपासणारा आधीं वाचणार. गुपित बाहेर जाऊं नये म्हणून जी भिंत उभारली, तिच्यामुळें सल्लाही आंत येईनासा झाला. बोरला पंतप्रधानाच्या दारापर्यंत जातां आलें, कारण तो बोर होता. ह्या पोराला मिळालेला वडीलधारा म्हणजे त्याच्याहून वर्षासव्वावर्षानें मोठा असलेला खोलीसोबती. ‘म्हातारा’ हें टोपणनांव ज्यानें कोणी ठेविलें त्यानें थट्टेनें ठेविलें असेल. आम्हांस तें वाचून हंसूं आलें नाहीं.

पुढली हकीकत थोडक्यांत सांगतों. १९५१ च्या मार्चमध्यें हॉल व सॅक्स ह्या दोघांचीही कसून चौकशी झाली; दोघांनीं कांहीं कबूल केलें नाहीं. सरकारपाशीं पुरावा होता तो उलगडलेल्या तारांचा, आणि आपण तारा उलगडल्या आहेत हें गुपित सरकारला फोडावयाचें नव्हतें. एका गुपितानें दुसऱ्याला असें वांचविलें. हॉल पुढें जीवशास्त्राकडे वळला, १९६२ सालीं इंग्लंडांत केंब्रिजला गेला, आणि पेशीजालाच्या पातळ चकत्यांतील मूलद्रव्यें क्ष-किरणांनीं मोजण्याच्या शास्त्रांत त्यानें नांव मिळविलें. त्याचा थोरला भाऊ एडवर्ड हा अमेरिकन हवाई दलांत ‘मिनिटमन’ ह्या अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्राचा जनक ठरला. एका घरांतील हे दोन दिवे. कादंबरीकारानें असें लिहिलें असतें तर आम्हीं त्याला कृत्रिम म्हटलें असतें.

ह्या हकीकतींत आम्हांस सर्वांत जड जातें तें १९ जून १९५३ ह्या दिवसाचें पान. त्या दिवशीं ज्यूलियस व ईथेल रोझेनबर्ग ह्या नवराबायकोस विजेच्या खुर्चीवर मारण्यांत आलें, आणि त्यांचीं दोन लहान मुलें पोरकीं झालीं. ज्यूलियस हेर होता हें पुढें सिद्ध झालें. परंतु ज्या बाँबच्या रहस्याबद्दल त्यांस ती भयंकर शिक्षा झाली, त्या रहस्याची त्यांच्या हातून गेलेली माहिती हॉलच्या माहितीपुढें अगदींच ओबडधोबड होती. न्यायाधीशानें तर कोरियांतील मृत्यूंचाही भार त्यांच्या माथीं घातला. हॉल त्या वेळीं त्याच देशांत मोकळा होता. घरीं बायको होती, लहान मूल होतें. त्यानें पुढें येऊन बोलावयास हवें होतें काय? त्याच्या बोलण्यानें त्या दोघांचे प्राण वांचते कीं खुर्चीवर तिसरा बसता, हें कोणीच सांगूं शकत नाहीं. एकोणिसाव्या वर्षीं केलेलें कृत्य अविचाराचें म्हणून सोडून देतां येईल. सत्ताविसाव्या वर्षीं पाळलेलें मौन त्या सबबीवर सोडतां येत नाहीं.

१९९५ सालीं त्या तारा प्रसिद्ध झाल्या, आणि योगायोग असा कीं रॉटब्लॅटला शांततेचें नोबेल पारितोषिक मिळालें तें ह्याच वर्षीं. हॉल तेव्हां सत्तरीचा. आपण अननुभवी होतों, सोव्हिएट राज्याविषयीं आपली चूक झाली, हें त्यानें दोन वर्षांनीं मान्य केलें. पण त्या मुलाची आपणांस लाज वाटत नाहीं, असेंही तो म्हणाला. १९९९ च्या नोव्हेंबरांत तो वारला. कचाशीं त्याची तुलना करावयास निघालों तेव्हां आम्हांस वाटलें होतें कीं दोघे एकाच जातीचे निघतील. तसें झालें नाहीं. कचानें पहिल्याच दिवशीं शुक्राचार्यांपुढें आपलें नांव आणि बापाचें नांव सांगितलें. हा शत्रूचा मुलगा आहे हें जाणूनच गुरूनें त्याला ठेवून घेतलें. विद्या मिळाल्यावर गुरूला मेलेला टाकून पळून जाण्याची संधि होती, पण त्यानें आधीं गुरूला उठविलें. देवयानीनें शाप दिला तो त्यानें तोंडावर घेतला.

आमच्या ओळखीच्या एका घरीं परवां ह्या विषयावर बोलणें निघालें. मुलगा रजेवर घरीं आला आणि त्यानें हें सर्व तुम्हांस सांगितलें असतें तर तुम्ही काय केलें असतें, असें आम्हीं विचारलें. वडील, जे निवृत्त सरकारी अधिकारी आहेत, म्हणाले, शपथ ती शपथ, गप्प राहा म्हणून सांगितलें असतें. काकूंनीं जरा वेळानें उत्तर दिलें, “तें काम सोड आणि घरीं ये, असें म्हटलें असतें.” त्यांचा पदार्थविज्ञान शिकणारा धाकटा मुलगा कोपऱ्यांत ऐकत बसला होता. त्यानें विचारलें, हॉलला सोडतां आलें असतें का? तेव्हां आम्हांस सांगावें लागलें कीं नाहीं. पुढें त्याला सैन्यांत भरती करून घेतलें, आणि लष्करी गणवेश चढवून त्याच टेकडीवर त्याच कामावर ठेवलें.