धाब्याचे घर आणि 'मूळ'पणाची कल्पना

विल्यम मॉरिसने 1877 साली प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी इंग्लंडमध्ये संस्था स्थापन केली, तेव्हा त्याचा रोख जीर्णोद्धाराच्या नावाखाली चालणाऱ्या खरवडण्यावर होता. दगडावरील काळाची खूण पुसणे म्हणजे असत्य उभे करणे, ही रस्किनपासून चालत आलेली भूमिका. कॉट्सवोल्डमधील चुनखडीच्या घराबाबत ती सहज पटते. कारण तेथे द्रव्यच शतकानुशतके टिकते. तापी आणि सातपुडा यांमधील चोपडा परिसरातल्या धाब्याच्या घराला मात्र हा निकष लागू पडत नाही.

या घराचे जोते काळ्या दगडाचे, भिंती मातीच्या, वर सागवानी तुळया व कड्या, त्यांवर काटक्यांचा थर आणि शेवटी खाऱ्या मातीचे धाबे. ही माती पावसाळ्यापूर्वी पुन्हा टाकावी लागते. कित्येकदा ती गावच्या पांढरीतून, म्हणजे जुन्या वस्तीच्या ढिगातून आणलेली असे. पडलेली घरेच उभ्या घराचे छप्पर होत. (बहाळ आणि प्रकाशे येथील अशाच टेकाडांनी उत्खननकारांना ताम्रपाषाणयुगापर्यंत नेले.) अशा घरात 'मूळ' काय? द्रव्य नव्हे, फार तर दरवर्षीची कृती.

मौखिक परंपरेच्या अभ्यासकाला हा पेच परका नाही. भांडारकर संस्थेने 1966 साली पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती पाठभेद तळटीपांत ठेवते. जात्यावरच्या ओवीला तळटीप नसते. तिचा प्रत्येक पाठ मुख्यच. बहिणाबाई चौधरींची गाणी 1952 साली, त्यांच्या मृत्यूनंतर, ग्रंथरूप झाली आणि त्यांना एकच रूप मिळाले. 1994 साली नारा येथे तज्ज्ञांनी अस्सलपणाचे निकष संस्कृतिसापेक्ष मानले, तेव्हा ओवीचाच न्याय वास्तूला लागू झाला, असे म्हणता येईल.

परंतु 'कृतीचे सातत्य' हा शब्दप्रयोग फारच सोयीचा आहे. ही कृती कोणाची? लिंपणे-सारवणे मुख्यतः स्त्रियांच्या वाट्याला येई, आणि त्यात निवडीचा प्रश्नच नव्हता. इंग्लंडमधील संरक्षित घराचा मालक बहुधा ते घर हौसेने घेतो व कारागीर नेमतो. चोपड्याकडील कुटुंबाने धाबे उतरवून पत्रे घातले, तर त्याला वारशाचा नाश म्हणणारा टीकाकार नेमके काय मागत असतो? दुसऱ्याचे श्रम. उलटपक्षी, मे महिन्यात पारा पंचेचाळिसाकडे झुकतो तेव्हा पत्र्याखाली होणारी काहिली हीही खरीच. धाब्याचा गारवा आणि सारवण्यातून मिळालेली सुटका यांत श्रेयस्कर काय, हे ठरविण्याचा पहिला अधिकार सारवणाऱ्या बाईचा. अभ्यासकाचा नंतर, आणि तोही तिने विचारले तर.