नजरेची जबाबदारी

दाट जंगलात हरणाच्या शिकारीसाठी दुर्बीण कोणती घ्यावी? आमच्या गोंदिया जिल्ह्यात हा प्रश्न आता उघडपणे कोणी विचारत नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. नागझिरा, नवेगावला आम्ही चितळ पाहायला जातो. पण दुर्बीण तीच लागते. तिच्यावर ८×४२ असे आकडे असतात. पहिला आकडा किती पट मोठे दिसेल ते सांगतो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. बांबूच्या गर्दीत बारा पटीपेक्षा सात-आठ पटच बरी. पट वाढली की हाताचा कंप जाणवतो, दृश्य आखडते आणि तेवढ्याच भिंगात पहाटेचा उजेड अपुरा पडतो.

म्हणजे शिकाऱ्याची आणि आमची निवड एकच. मग फरक फक्त बंदुकीचा?

इहराममध्ये हाजीला जमिनीवरची शिकार मना आहे. इतकेच नव्हे, शिकाऱ्याला जनावर बोटाने दाखवणेही मना आहे. हुकूम इहरामपुरता असला तरी त्यातला विचार जंगलाकाठी राहणाऱ्या आम्हा सर्वांना लागू पडतो. कळप कोणत्या पाणवठ्यावर उतरतो, हे आपण चहाच्या टपरीवर कौतुकाने सांगतो. ऐकणाऱ्यांत फासे लावणारा कोण, ते कुठे ठाऊक असते? कायदा बंदूक धरणारा हात पकडतो. सहज बोलून गेलेली जीभ त्याच्या हाती लागत नाही.

दुर्बीण घेताना आकडे जरूर पाहावेत. पण तिच्यातून दिसलेले कोणाला सांगावे, याचा हिशेब आपणच ठेवायचा आहे.